समासातलं अक्षर

९ फेब्रुवारी

चि. बेबीस,
ताईचे आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देतेय, मनातून देत नाहीये, हे आधीच सांगते. वि. वि. पुस्तक काल पोचलं.

मुलामुलींच्या कादंबऱ्या वाचणं हे माझं आणि माझ्या लेकीचं आहे, हे तुला चांगलं ठाऊक आहे. ठकू दहा वर्षांची असल्यापासून आधी ती वाचते, वाटेल ते पेन्सिलीनं समासात लिहिते, मग मी वाचून तिच्याखाली उत्तर लिहिते. तिला कॉलेजसाठी तुझ्याकडे ठेवली तेव्हाही पोस्टानं हे चालूच होतं. आणि या वेळी उघडून बघते तर पहिल्या पानापासून तुझं, चित्रकलेच्या बाईंचं, मोत्यासारखं अक्षर! ठकूची एक ओळ नाही.

बरं, लिहितेस तरी काय? चौऱ्याऐंशीव्या पानावर कादंबरीतली ती पोहणारी मुलगी वसतिगृहातून घरी फोन करते आणि तिला मागे घरचा गळका नळ ऐकू येतो. तिथे तू लिहिलंयस की इथे मला घरी जावंसं वाटलं. अगं, तू स्वतःच्या घरात बसलेली असतेस ना? कुठे जायचंय तुला? एकेचाळिसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या मुलीसारखे उसासे टाकायचे म्हणजे कमाल आहे. पोरगी माझी, पुस्तक आमचं, आणि मध्ये तुझी लुडबूड.

तीन आठवडे ठकूचं पत्रही नाही. तिला लिहायला सांग. यजमानांना नमस्कार. लोभ ठेवावा की नाही ते पुढच्या पुस्तकावर ठरवेन.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

ठकू खुशाल आहे. जेवण व्यवस्थित, झोप जरा जास्तच. पत्र नाही त्याला कारण आहे, आणि ते न सांगण्याचा शब्द मी देऊन बसलेय. दहा दिवस कळ काढ, सविस्तर लिहीन. तोवर एवढंच कर, ते पुस्तक राग बाजूला ठेवून पुन्हा वाच. अक्षराकडे बघू नकोस, काय लिहिलंय ते बघ. आणि खाली तुझी उत्तरं लिही, नेहमीसारखी. वाट बघतोय आम्ही.

लुडबूड म्हणालीस ते लागलं. पण तुझ्या तोंडाची मला लहानपणापासून सवय आहे. मायेत कमी करू नकोस.

तुझी बेबी

१९ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आशीर्वाद. वि. वि. वाट बघतोय आम्ही, असं लिहिलंस. हे आम्ही कोण? तू आणि माझी मुलगी आम्ही, आणि मी परकी?

आता तुमची गुपितंही व्हायला लागली. मला सगळं दिसतंय. तुला मूल नाही याचं मला वाईट वाटतं, देवाशप्पथ वाटतं, पण म्हणून माझं घ्यायचं नाही. शाळेत होतो तेव्हाही माझी मैत्रीण घरी आली की दहा मिनिटांत ती तुझी व्हायची. तू गोड बोलतेस, मला जमत नाही. मला फक्त त्या समासात बोलता येतं.

सोमवारी दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर बसले आणि खोडरबर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुझं सगळं अक्षर खोडलं. दोन तास लागले. चौऱ्याऐंशीव्या पानावर जरा जोर झाला, कागद फाटला. पुस्तक सोबत पाठवतेय. ठकूला दे आणि सांग की आईनं जागा रिकामी करून ठेवलीय, आता तिनं लिहावं.

मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. बाकी ठीक. लोभ असेल तर उत्तर लिही.

ताई

२४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. शब्द मोडतेय.

कॉलेजच्या जिन्यावरून पडून ठकूचं उजवं मनगट मोडलं. सव्वा महिन्याचं प्लास्टर आहे. आईला कळलं तर ती तासाभरात सामान बांधून मला परत नेईल, असं म्हणून तिनं माझ्याकडून वचन घेतलं. मी ते द्यायला नको होतं, तो दोष माझा.

पण पुस्तक मात्र तुला वेळेवर पोचावं, असा तिचा हट्ट होता. म्हणून ती वाचायची, थांबायची, सांगायची, आणि मी उतरवून घ्यायचे. अक्षर माझं, पण त्यातला एक शब्दही माझा नव्हता, ताई. घरी जावंसं तिला वाटलं होतं. ते सांगताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

एकदा एका पानावर मलाही काही सुचलं. मी विचारलं, की माझं एक वाक्य घालू का? ती म्हणाली, की मावशी, रागावू नकोस, पण हे आईचं आणि माझं पुस्तक आहे. मी बरं म्हटलं आणि पेन्सिलीला टोक करत बसले. तेव्हा मला तुझा किती हेवा वाटला, ते तुला कधी सांगणार नव्हते.

पुस्तक काल आलं. तिनं सगळी पानं उलटून पाहिली. पुन्हा सांग, मी लिहिते, असं म्हटलं तर म्हणाली, की पहिल्यांदा वाचताना वाटतं ते दुसऱ्यांदा वाटत नाही. जेवली नाही.

काय ते तूच बघ.

बेबी

२७ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आशीर्वाद, या वेळी मनापासून. मी शनिवारी येतेय. हात बघायला येतेय, न्यायला नाही, हे ठकूला आधी सांग. आणि हेही सांग, की चौऱ्याऐंशीव्या पानावर मलाही ती घरी यावीशी वाटली होती. तुझं अक्षर दिसलं म्हणून तसं खाली लिहिलं नाही. बाकी तिची माफी मी समोर बसून मागेन, ती कागदावर मागायची नसते.

तुझ्याबद्दल जे जे लिहिलं ते खोडता येत नाही. माझी जीभ झडो.

येताना एक नवी कादंबरी आणतेय, अजून उघडलेली नाही. ती आधी तू वाचायचीस आणि समासात स्वतःचं लिहायचंस. ठकूला ते आवडणार नाही. मलाही आवडणार नाही, वाचताना पोटात दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवते. तरी लिही.

तुझी ताई