ब्रिजेटचे तीस दिवस

४ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
टक्-टक्, टक्-टक्. चौथीच्या वर्गात मिस हॉलिस बाकावर पट्टी आपटून आम्हांला वृत्त शिकवायच्या, तो आवाज आज पहाटे कानांत होता. सत्तर वर्षं झाली. माझ्या हृदयाला मात्र आता वृत्त सांभाळवत नाही. त्यासाठीच नऊ दिवस युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात होतो. काल सोडलं. सोबत वजनकाटा दिला. रोज आठच्या आत त्यावर उभं राहायचं. आकडा आपोआप त्यांच्याकडे जातो.

८.१५. फोन! ब्रिजेट नावाची नर्स. म्हणाली, मिस्टर डुडेक, रात्री किती उशा घेऊन झोपता, आडवं झाल्यावर धाप लागते का? माझी बायको आयरीन गेल्यापासून हे मला कुणी विचारलेलं नाही. किती नाजूक प्रश्न! मी म्हटलं, दोन, पैकी एक आठवणींची. ती म्हणाली, म्हणजे एकच लिहू ना?

संकल्प: मीठ बंद. ब्रिजेटला कवितेची गोडी लावायची.

५ ऑक्टोबर
शेजारच्या वांडानं कोबीचं सूप आणलं. परत पाठवणं बरं दिसलं नसतं. लोणच्याच्या काकड्या दोनच खाल्ल्या. (चार.)

९ ऑक्टोबर
वजन १७१ पौंड. कालही तेच, परवाही तेच. तीन दिवस फोन नाही. चाळीस वर्षं शिकवलं, तरी विसरलो: शहाण्या मुलाकडे बाईंचं लक्ष नसतं.

१० ऑक्टोबर
कवितासंग्रहाची जाड प्रत काखेत धरून काट्यावर उभा राहिलो. १७५. आठ वाजून सहा मिनिटांनी फोन! आवाजात केवढी घालमेल. मिस्टर डुडेक, एका दिवसात चार पौंड? पाय सुजलेत का? अंगात पाणी साठतंय, लघवीची गोळी आज एक जास्त घ्या. मी तिला शरद ऋतूवरच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. ती गहिवरली असावी. मागे टाइप केल्याचा आवाज.

गोळी घेतली. शब्द दिला होता. बाथरूमला अकरा वेळा.

१४ ऑक्टोबर
संग्रह आणि शब्दकोश. १८०. लगेच फोन. दोन गोळ्या जास्त. ती म्हणाली, काहीही करा, पण तीस दिवसांत परत अॅडमिट होऊ नका, प्लीज, माझ्यासाठी. *माझ्यासाठी.* तीनदा वाचलं. (मीच लिहिलंय, तरी.)

१५ ऑक्टोबर
पहाटे बाथरूममध्ये घेरी येऊन पडलो. कपाळाला टेंगूळ. ब्रिजेटला सांगितलं नाही. तिनं घाबरून अॅडमिट केलं असतं आणि मग स्वतःलाच दोष दिला असता.

२१ ऑक्टोबर
टेंगूळ बघून वांडा आत घुसली. सगळं वदवून घेतलं आणि पोट धरून हसली. अरे मास्तर, पूर्वी खाट भरली की त्यांना पैसे मिळायचे, आता रिकामी राहिली की मिळतात; महिन्याच्या आत पेशंट परत आला तर दंड. हजार म्हाताऱ्यांची यादी आहे त्या ब्रिजेटपुढे, तुझं नाव लाल रंगात असलं तर फोन. महिन्यानंतर मेलास तर त्यांच्या हिशेबात धरत पण नाहीत, समजलं का?

वांडाला कवितेचा गंध नाही. पहिल्यापासूनच.

२७ ऑक्टोबर
ठरलं. तिसाव्या दिवशी तिला चहाला बोलवायचं. गोळ्यांनी डोकं गरगरतं, आणि त्या दिवशी मला तल्लख असायला हवं. म्हणून आजपासून गोळ्या बंद. सगळ्याच.

२ नोव्हेंबर
तिसावा दिवस. ब्रिजेट म्हणाली, अभिनंदन मिस्टर डुडेक, तुम्ही प्रोग्रॅम पूर्ण केलात! मी चहाचं विचारलं. ती म्हणाली, हा कॉल रेकॉर्ड होतोय. साहजिक आहे, सगळ्यांदेखत हो कशी म्हणेल?

४ नोव्हेंबर
संग्रह न घेता, शब्दकोश न घेता १८३. फोन नाही. काट्याचा आकडा पाठवणारा हिरवा दिवा विझलाय. लाजत असेल.

५ नोव्हेंबर
बूट चढत नाहीत. चार उशा. पाचवी आयरीनची. मीच फोन लावला. यंत्र म्हणालं, तुम्ही सध्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नाही, नव्या रुग्णांनी चार दाबा. दाबलं. बासरी वाजत राहिली. चाल ओळखीची वाटली.

६ नोव्हेंबर, दुपारी
खुर्चीत बसूनच लिहितोय. आडवं होता येत नाही. वांडा ओरडतेय, अँब्युलन्स बोलावते, ओठ निळे पडलेत तुझे, मास्तर! मी हात जोडले. आज गेलो तर पोरीची महिनाभराची मेहनत पाण्यात जाईल. म्हटलं, ती येईपर्यंत थांब.

३.१०. बेल. सांगितलं होतं ना! वांडाला म्हटलं, केस नीट कर माझे.

दारात कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक तरुण. हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालासाठी आलाय. परत अॅडमिट न झालेल्या रुग्णांतून फोटोसाठी निवडलेल्या बाराजणांत मी म्हणे एक. त्यानं मला काट्याशेजारी उभं केलं, सुजलेले पाय फोटोच्या चौकटीबाहेर ठेवले आणि म्हणाला, काका, फोटो हलतोय, जरा श्वास रोखून धरा.