तिसरा रकाना

सिस्टर, तुमची वही आज मी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. ती हरवली कधीच नव्हती. शालींच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात ती आहे, हे मला रोज माहीत होतं. तुम्ही बजावलं होतंत की पत्र लिहिशील ते इंग्रजीतच लिही, नाहीतर सगळं विसरशील. काही वर्षं मी तसं लिहिलंही. आज मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला लागले की मी आपोआप शहाण्यासारखी वागते आणि आज मला तसं वागायचं नाही. शिवाय तुम्हाला मराठी येत होतं. पुस्तकातलं नव्हे, बाजारातलं, थळच्या कोळणींकडून उचललेलं. तुम्ही टोपलीवर वाकून मासे नुसते न्याहाळत राहायचात आणि ती ठसठशीत कुंकवाची म्हातारी ओरडायची, "घे की गो सिस्टरबाय, बघून प्वाट भरतं काय?" दुसऱ्या दिवशी मी भूमितीच्या आकृतीकडे टक लावून बसले होते, तर तुम्ही पांढऱ्या झग्यात माझ्यामागे येऊन अगदी त्याच सुरात म्हणालात, "सोडव की गो, बघून प्वाट भरतं काय?" वर्ग हसून लोळला. आपण काय चुकलो ते तुम्हाला कळेचना, मग तुम्हीही हसलात.

पलीकडच्या खोलीत हे झोपले आहेत. तसे ते तीन वर्षं झोपलेलेच आहेत, आत्ता डोळे मिटलेले आहेत इतकंच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक आवाज उरला आहे, त्यातच भूक, राग, ओला झालेला बिछाना आणि मी, सगळं येतं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पेज गाळून चमच्याने भरवायची, ठसका लागला की पाठ चोळायची. सकाळी मदतीला येणाऱ्या बाईंचे गुडघे गेले, तेव्हापासून मी एकटीच आहे. भाजीचा टेम्पो येतो तेव्हा फाटकापर्यंत जाते, आणि ते फाटक उघडताना कान मात्र घरात असतात. समुद्र इथून पंधरा मिनिटांवर आहे, वारा आला की ऐकू येतो. मी तो तीन वर्षांत पाहिलेला नाही. तुम्ही म्हणायचात, "इंदाय, तू लांब जा." इंदाय म्हणजे तुमच्या सेबू बेटावर लाडक्या पोरीला मारायची हाक. तर तुमची इंदाय चौलच्या एका वाडीतून निघून चौलच्याच दुसऱ्या वाडीत आली. मधे दोन कुंपणं आणि एक पाणंद, एवढाच माझा प्रवास.

मुलगी पुण्यात असते, दर रविवारी फोन करते. "आई, काही हवंय का?" "काही नको गं, सगळं आहे." हे इतकं पाठ झालंय की ती विचारायच्या आधीच माझं उत्तर सुरू होतं. या गुरुवारी मात्र तिने मधेच फोन केला. तिची गुवाहाटीला बदली होते आहे, दोन वर्षांसाठी, चांगल्या जागेवर. सोमवारी हो-नाही कळवायचं आहे. म्हणाली, "आई, खरं सांग. तुझं तिथे भागतंय ना? भागत असेल तरच मी जाते." मी म्हटलं, "अगं, मला काय कमी आहे? सगळं आहे. तू खुशाल जा." ती म्हणाली, "नक्की ना? रविवारी परत विचारणार आहे." फोन ठेवला. हे वाक्य मी कुठे शिकले ते मला तेव्हा आठवलं. तुमच्यासमोरच शिकले होते.

वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. शाळेत दुपारी काही मुलींना वरणभात मिळायचा आणि कुणाला द्यायचा ते तुम्ही घरोघर जाऊन ठरवायचात. आमचं शेत कुळांकडे गेलं होतं, वाडी काकांच्या ताब्यात होती. पाडलेला नारळ काकांचा, पडलेला आमचा, असा हिशेब होता, पण बाहेरून पाहणाऱ्याला सुपारीच्या रांगा दिसायच्या, ओटीवरचा झोपाळा दिसायचा. तुम्ही त्या झोपाळ्यावर बसलात. आई आत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "मागल्या दाराने जा. शेजारच्या काकूंना म्हण, पाहुणे आलेत, भांडंभर तांदूळ द्या." पाहुण्यांसाठी मागितलं की ते मागणं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी पाणंदीने गेले आणि भांडं घेऊन आले. आईने ते हातात घेतलं, आत पाहिलं आणि ओठ मुडपून म्हणाली, "हात आखडता घेतलान हो तिने." मग चूल पेटली. वालाचं बिरडं झालं, ओल्या खोबऱ्याची चटणी झाली, वाफाळता भात झाला, आणि केळीच्या पानावर तुम्ही एकट्या जेवायला बसलात.

"मुलं?" तुम्ही विचारलंत.

"त्यांचं झालंय मघाशी. घ्या ना हो, लाजू नका."

आई वाढत राहिली. तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की इथे नको म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून तुम्ही नको म्हणाला नाहीत. तीन वेळा भात घेतलात. धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून तुमचा हात पानावरून तोंडाकडे जाताना पाहत होता. मी त्याला चिमटा काढून आत ओढलं. जाताना तुम्ही मला अंगणात इंग्रजीत विचारलंत, कारण आईला ते कळणार नव्हतं, "घरी काही कमी आहे का? मला सांगू शकतेस." आणि मी तुमच्याच शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, "नो सिस्टर. वी हॅव एव्हरीथिंग." माझ्या उच्चारांवर तुम्ही खूश झालात. यादीतून माझं नाव गेलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघा भावंडांनी भांड्याच्या बुडाची खरवड खाल्ली. आईने खाल्लं का, ते मला आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ मला आता कळतो.

दोनेक महिने तुम्हाला काही कळलं नाही. मग एकदा मधल्या सुट्टीत मी विहिरीमागे पाठ करून बसले असताना तुम्ही आलात आणि माझ्या हातातला डबा उघडलात. खोबऱ्याचे तुकडे. "काल?" खोबरं. "परवा?" मी झाकण लावायला लागले. तुमचा चेहरा लाल झाला. तसा राग मी तुमच्या तोंडावर आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "मी तुमचा भात खाल्ला," तुम्ही म्हणालात. "तीन वेळा. आणि तू मला खाऊ दिलास." मला वाटलं, छडी येणार. त्याऐवजी तुम्ही विहिरीच्या कट्ट्यावर माझ्याशेजारी बसलात, डब्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकलात आणि चावता चावता तुमच्या आईची गोष्ट सांगितलीत. तुमच्याकडे मका दळून त्याचा भात करत. मका संपला की तुमची आई संध्याकाळी रिकामं जातं फिरवत बसायची, म्हणजे शेजाऱ्यांना घरघर ऐकू यावी आणि त्यांना वाटावं, यांच्याकडे रांधणं चाललंय. रोज, आठवडा आठवडा. "रिकाम्या जात्यात काय होतं ठाऊक आहे, इंदाय? दगडच दगडाला खातो. दाणे आले तेव्हा ते जातं दळेना."

दुसऱ्या दिवसापासून मला वरणभात मिळू लागला. आईला आपण सांगितलं की ते शिवणकामाच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींना असतं. आणि तुम्ही ही वही काढलीत. डावीकडे तुमच्या सेबूच्या भाषेतले शब्द, मधे इंग्रजी अर्थ, उजवा रकाना मोकळा. सगळे शब्द नसण्याचे. मला वाटलं होतं, नसणं म्हणजे एकच गोष्ट. तुमच्याकडे त्याला घरभर शब्द होते. वाला, म्हणजे नाहीच, नन. हुरोत, म्हणजे होतं ते सगळं वापरून झालं, यूज्ड अप. हुबास, म्हणजे पाणी होतं ते सुकून गेलं. नीहित, म्हणजे शोधून सापडेल असं विरळ, स्केअर्स. तिंगुतोम, म्हणजे उपासमारीचा मोसम. जणू आंब्याचा असतो तसा तोही दरवर्षी यायचाच. आणि कुलांग, म्हणजे आहे, पण पुरत नाही. त्यापुढे तुम्ही लॅक लिहिलं होतंत, मग खोडून नॉट इनफ लिहिलंत, मग तेही खोडून पुन्हा लॅक. "इंग्रजी आपल्या दोघींचीही नाही," तुम्ही म्हणालात. "ती मधला पूल आहे. पलीकडचा काठ तू भर. पण पुस्तकातला शब्द नको. तुझ्या घरात बोलतात तो हवा."

नीहितपुढे मी दुर्मिळ लिहिलं, तर तुम्ही भुवई वर केलीत. "आई दुर्मिळ म्हणते?" मी खोडून "औषधाला नाही" असं लिहिलं. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे आठवडाभर खडू, टाचण्या, पाऊस, सगळंच औषधाला नव्हतं. हुरोतपुढे संपलं, हुबासपुढे आटलं. वालापुढे तुम्ही स्वतःच मोठ्या अक्षरांत न्हाय लिहिलंत, कोळणींच्या मानासाठी. तिंगुतोमपुढे मी लिहिलं, "आगोट न भरलेला पावसाळा." पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायची बेगमी म्हणजे आगोट, हे तुम्हाला समजावताना मला रडू आलं होतं, आणि तुम्ही त्याकडे पाहिलं नाहीत, पेन्सिलीला टोक करत राहिलात. कुलांगपुढचा रकाना मात्र मी भरला नाही. "हा शब्द नाही का तुमच्यात?" शब्द होता. माझ्या तोंडात होता. पण तो लिहिला तर तो आईच्या तोंडून निघाल्यासारखा झाला असता, आणि आईने तो कधीच उच्चारला नव्हता. मी म्हटलं, "आमच्या घरात हा शब्द नाही, सिस्टर." तुम्ही हट्ट केला नाहीत. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली. जाताना वही माझ्या हातात दिलीत आणि एवढंच म्हणालात, "एक राहिलाय." पाच-सहा वर्षं पत्रं आली, शेवटी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात एक आलं. त्यात तुम्ही शांतपणे गेल्याचं लिहिलं होतं. मी ते वहीतच ठेवलं आहे.

आज रविवार. सकाळी यांना पुसून घेतलं, कपडे बदलताना माझ्या कमरेत पुन्हा ती कळ आली आणि मी त्यांच्या बाजूलाच, त्याच पलंगावर, बराच वेळ तशीच पडून राहिले. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते आजारामुळेही येतं, म्हणून मी त्यावर कधी विचार करत नाही. अकरा वाजता फोन आला.

"आई, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"तू?"

मी तोंड उघडलं आणि माझं पाठ केलेलं वाक्य निघेना. म्हणाल तर इतकंच घडलं. मला वाटलं, भागतंय म्हटलं तर मी सुटत नाही, भागत नाही म्हटलं तर ती अडकते. हे जातं मी तिच्या गळ्यात का बांधू? आणि तरीही मी म्हटलं, "मी पुरी पडत नाही गं."

मग ती म्हणाली, "कधीपासून?"

"त्या गुडघेवाल्या बाई गेल्या तेव्हापासून. नाही, त्याच्याही आधीपासून."

"आणि दर रविवारी काय सांगतेस मला? सगळं आहे, सगळं आहे! मी काय पाहुणी आहे, आई?"

पाहुणी. सिस्टर, तिला काहीच माहीत नाही, केळीचं पान नाही, तुम्ही नाही. मी घाईने म्हटलं, "तू बदली नाकारू नकोस हं. मी आपलं सहज बोलून गेले, तसं भागतंय—" "पुरे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी तुमच्या विहिरीवरच्या आवाजासारखा होता. "उद्या ऑफिसकडे मुदत मागून घेते आणि शनिवारी येते. राहायला माणूस शोधू. सापडलं तर जाईन, नाही सापडलं तर बघू. पण यापुढे मला खोटं जेवायला वाढायचं नाही." हे शब्द तिला कुठून सुचले, देव जाणे. माणूस सापडेल की नाही, मला माहीत नाही. इथे कुणी राहायला तयार होत नाही. ती गेली नाही तर ते माझ्यामुळे, आणि गेली तर मी इथेच. एका वाक्याने फाटक उघडलेलं नाही. पण मघाशी मी वही उघडून कुलांगपुढे, पुरत नाही, असं पेनाने लिहिलं. आत ते हाक मारतायत, कूस बदलायची वेळ झाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट सांगूनच टाकते. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी हात आखडता घेतला नव्हता. त्यांनी भांडं शिगोशीग भरून दिलं होतं, वर शीग कोसळू नये म्हणून आपल्या हाताने थापटलंही होतं. पाणंदीत मी थांबले आणि कच्च्या तांदळाची एक मूठ तोंडात भरली. मग आणखी एक. आई त्यानंतर मरेपर्यंत काकूंच्या अंगणात गेली नाही, लग्नकार्यालाही नाही, आणि काकूंना आपलं काय चुकलं ते कधी कळलं नाही. त्या दिवशी घरात जो भात पुरला नाही, सिस्टर, तो मी खाल्ला होता.