सूर्याला दार असतं का?

तीर्थस्वरूप आत्या, आणि तुझ्यामार्फत पृथ्वीच्या पाठीवरच्या तमाम आत्यांनो,

मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं सांगून जिला पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं, घरात कौतुकं चालू असतात तेव्हा जी कुणाच्या ध्यानात नसते, आणि कात्री-पुठ्ठ्याचं काम निघालं की जिच्या नावाने पहिली हाक जाते, ती आत्या! माझ्या भगिनींनो, हे आपण किती दिवस सोसायचं? (आत्या, भगिनी म्हटलं म्हणून रागावू नकोस. सभेची सवय आहे, पत्र लिहितानाही समोर माईक दिसतो.)

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण काल दिवसभर जमिनीवर बसून कंबरेने संप पुकारला आहे, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार. तुझे गुडघे कसे आहेत? कानातलं यंत्र कानात घालतेस की अजून डबीतच जपून ठेवतेस? माझं म्हणशील तर बोटांना खळ चिकटली आहे, अंगठ्याला कात्रीचा वळ आहे, आणि मनाला जो धक्का बसला आहे त्यावर धाकट्याच्या औषधाच्या दुकानातल्या एकाही फडताळात गोळी नाही. विनंती विशेष म्हणशील तर ती शेवटी आहे. आधी हकिकत ऐक.

धाकट्याची मुलगी काल सात वर्षांची झाली. (तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एकदा पाहिलीस की का ते विचारणार नाहीस.) त्यांनी घर बदललं, त्यामुळे पोरीची शाळा बदलली, आणि नव्या वर्गात ती मधल्या सुट्टीत एकटी बसून डबा खाते. हे मला तिनेच सांगितलं, माझ्या पर्सची चेन उघडझाक करत, माझ्याकडे न बघता. म्हणून वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावायचा ठरला, आणि सगळे आले आणि हसले तर मी त्या शाळेत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असंही तिने जाहीर केलं. घराण्याचं रक्त आहे. जाहीर केलं म्हणजे केलं.

आता यात मी कुठे आले? आले माझ्या जिभेमुळे. भावजयीने बाजारातून वाढदिवसाच्या ‘थीम सेट’चे भाव काढून आणले होते. पुठ्ठ्याचा मुकुट, त्याला सोन्याचा भाव! मी उभी राहिले. (घरातसुद्धा मुद्दा मांडायचा तर मी उभीच राहते, बसून माझं तर्कशास्त्र चालत नाही.) म्हटलं, वाढदिवस मुलाचा आहे की दुकानदाराचा? ज्या घरात कात्री आहे, खळ शिजवायला पातेलं आहे आणि माणसाला दोन हात आहेत, त्या घराने विकतचा आनंद का आणावा? बराच वेळ बोलले. भाषणात एकच धोका असतो, आत्या. क्वचित कधी समोरचा ऐकतो. धाकट्याने ऐकलं, आणि वाढदिवसाच्या दिवशी सकाळी, मी चहात साखर घालत असताना, त्याच्या मोबाईलवरून निरोप आला. तो असा: ‘ताई सगळं तूच बनव. थीम गृह आहे. डोक्यावर आणि अंगावर घालायचं. भिंगरीचं सगळ्यात मोठं आणि चमकणारं, मधोमध. बाकीचे तिच्याभोवती फिरणार. एक लाल. एकाला कडं विसरू नको.’

गृह! माझे डोळे भरून आले. बाकीची पोरं पऱ्या होतात, वाघ होतात, गाड्या होतात, आणि आपल्या घरातलं एवढंसं पोर म्हणतं, माझ्या वाढदिवसाचा विषय निवारा! इतकी वर्षं मी व्यासपीठांवरून घसा फोडून जे सांगत आले ते अखेर सख्ख्या भावाच्या घरी पोहोचलं तर! दुसरा काही अर्थ असेल अशी शंकाही मला शिवली नाही. का शिवली नाही? कारण तू, होय तूच, मला लहानपणी बाकावर उभं करून शिकवलंस की गला ऋकार दिला की घर, आणि गला र जोडला की आकाशातला ग्रह. धाकटाही त्याच बाकावर उभा राहिलेला. तो चुकेल कसा?

पण पुढची ओळ वाचली आणि माझं डोकं तापलं. मधोमध एक चमचमता महाल, आणि बाकीची घरं त्याच्याभोवती फिरणार? सात वर्षांच्या मुलांना ही शिकवण? पोराटोरांच्या खेळात ही विषमता मी माझ्या हाताने कातरून देऊ? कदापि नाही! मी ठरवलं, सगळी घरं एका मापाची. कुणाचं मोठं नाही, कुणाचं मधे नाही. लाल म्हणजे कौलं. ती एकालाच का, सगळ्यांना. कडं म्हणजे दारावर वाजवायचं कडं, तेही सगळ्यांना. ज्याच्या दाराला कडं नाही त्याच्याकडे पाहुणा येणार कसा?

दुकानातून औषधांचे रिकामे खोके मागवले. (ते आणणाऱ्या पोऱ्याने कशाला हवेत विचारलं नाही, धाकट्यानेही विचारलं नाही. या देशोधडीला लागलेल्या जगात कुणीच काही विचारत नाही, हेच तर दुखणं आहे.) खोक्याला पुढून दाराचा उघडता तुकडा कापला, वरून डोकं बाहेर यायला भोक पाडलं, खांद्यांवर अडकवायला जुन्या बुटांच्या नाड्या ओवल्या. डोक्यावर दुमडलेल्या पुठ्ठ्याचं छप्पर, हनुवटीखाली माझ्या जुन्या परकराचं इलॅस्टिक. कडी म्हणून पडद्याच्या सगळ्या रिंगा काढल्या, त्यामुळे आता समोरच्या इमारतीला माझं घर आरपार दिसतं, दिसू दे, मी काही लपवत नाही. खर्च म्हणशील तर मैदा आणि लाल रंगाची एक बाटली. रंग छपरांनाच पुरला, त्यामुळे भिंतींवरचा मजकूर तसाच राहिला. एका घरावर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’, एकावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’, आणि खोकल्याच्या औषधाच्या घरावर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’. (ते ज्या गुटगुटीत मुलाच्या वाट्याला आलं त्याला पुढे वर्गाने खरोखरच हलवलं.)

ही सगळी वसाहत दोरीला बांधून मी जिने चढले आणि भावजयीने दार उघडलं. आत्या, मी आत पाहिलं आणि माझ्या हातातली दोरी सुटली. खिडक्यांना काळा कागद. छताला चांदीच्या कागदात गुंडाळलेले चेंडू. टेबलावरच्या केकला कडं! आणि मधोमध भिंगरी, पिवळ्याधमक झग्यात, हात पसरून उभी.

“ताई, हे काय?” भावजय.

“घरं,” मी म्हटलं. “गृह.”

“अगं ग्रह! ग्रह गं, आकाशातले!” धाकटा कपाळाला हात लावून ओरडला. “मंगळ लाल, शनीला कडं, भिंगरी सूर्य!”

“तुझ्या निरोपात गृह आहे.”

“तेच ते!”

“तेच ते नाही!” मी गरजले. “ऋकाराने घर होतं, रकाराने ग्रह होतो. तू एका फटकाऱ्यात सूर्यमालेची चाळ केलीस!”

“आणि डोकं वापरायला काय झालं होतं? घर घराभोवती फिरतं का कधी?”

यावर माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं, पण जिन्यात पोरांचा गलका ऐकू आला, आणि भिंगरीने माझा पदर ओढला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू विचारलं, “आत्या, मी सगळ्यांना सांगितलंय मी सूर्य आहे. सूर्याला दार असतं का?”

आत्या, मी विरोधी सभेत दगड झेललेत, पण असा नेमका लागलेला प्रश्न नाही. तोवर वर्ग आत शिरला होता. मागोमाग आईबाप, भिंतीला टेकून, हातात सरबताचे पेले. भिंगरीने झग्यावर गुपचूप घर चढवलं आणि डोळे मिटून घेतले. हसण्याची वाट बघत होती पोर.

हसलं कुणी नाही. तिच्या वर्गशिक्षिकेच्या मुलीने (ती याच वर्गात आहे) भिंगरीच्या दाराचं कडं खटखट वाजवलं. भिंगरीने एक डोळा उघडला. “कोण आहे?” “शेजारीण. साखर आहे का?” झालं! अंगावर घर घालायचं आणि दुसऱ्याचं कडं वाजवायचं, पोरांना दुसरं काही सुचेना. मी छाती फुगवली. पाहा म्हटलं, हा खरा शेजारधर्म! पण मुलं दाराआडून बोलतात काय, तर त्यांच्या घरात दाराआड जे बोललं जातं ते. शब्दन्‌शब्द तोच.

दातांच्या डॉक्टरांच्या मुलाकडे कुणीतरी चॉकलेट मागितलं. तो म्हणाला, संपलं, बाबांनी कपाटामागे लपून खाल्लं. डॉक्टर पेल्यात ठसकले. वर्गशिक्षिकेच्या मुलीला कुणी विचारलं, तुझी आई काय करते? “वह्या तपासते. झाल्या पण!” “एवढ्या पटकन?” “वाचत नाही काही, मालिका बघत नुसत्या बरोबर-बरोबर खुणा करते!” सगळे पालक एकदम शिक्षिकेकडे वळले. इमारतीच्या सेक्रेटरींच्या मुलाने तर कहर केला. समोरच्या घराला बोट दाखवून बापाच्या आवाजात म्हणाला, वरच्यांचं पाणी दोन दिवस तोडा, येतील वठणीवर. ते वरचे सेक्रेटरींच्या शेजारीच उभे होते. त्यांनी पेला खाली ठेवला. भिंती सरकत्या असत्या तर त्या दिवशी सगळे पालक शेजारच्या फ्लॅटमध्ये निघून गेले असते. मी थक्क झाले, पण खरं सांगते, मनातून गुदगुल्याही होत होत्या. ढोंगाचा बुरखा फाटताना बघायला मला नेहमीच आवडतं. दुसऱ्याच्या.

इतक्यात शिक्षिकेची मुलगी पुन्हा भिंगरीच्या दाराशी आली. खटखट. “कोण आहे?” “मी तुझी आत्या.”

आणि भिंगरी, आपली भिंगरी, थेट आपल्या आईच्या आवाजात कुजबुजली, “अगं बाई, आल्या! दिवा घालव. चपला आत घे. जिन्यात दम खातायत तोवर टीव्ही बंद कर, म्हणजे जातील.” मग कमरेवर हात ठेवून धाकट्याच्या आवाजात, “नाही गं जाणार. उघड. बस खाली, तासभर गेला आता.” आणि मग दार धाडकन उघडून, तोंडभर हसून, “या ताई, या! आत्ताच तुमची आठवण काढली होती!”

अख्ख्या खोलीला हसू फुटलं. भावजय केकच्या कड्यासारखी पांढरी. मी किती वेळा त्या बंद दारासमोर उभी राहिले आहे, बेल वाजवून, कान देऊन, बिचारे बाहेर गेले असतील म्हणून पिशवी कडीला अडकवून परत फिरले आहे! आयुष्यात पहिल्यांदा समोर श्रोते असून मी खुर्चीत बसले.

पण भिंगरीवरची नजर हटत नव्हती, इतकी ती फुलली होती. सगळ्यांना तिच्याच दाराशी यायचं होतं. रांग लागली, ढकलाढकली झाली. कुणी ‘मी पण आत्या’, कुणी ‘मी दुधवाला’, कुणी ‘मी मुख्याध्यापक’. निम्म्या वर्गाने विचारलं, उद्या मधल्या सुट्टीत पण खेळायचं का? ती मधोमध उभी होती आणि बाकीचे तिच्याभोवती फिरत होते. विषमतेबद्दल मी त्या क्षणी काही बोलले नाही.

तुझी भाची,
(जिला दार उघडतात की नाही, ठाऊक नाही)

ता. क. धाकट्याशी मी बोलत नाही. ‘गृह’ लिहिणाऱ्या त्या निरक्षर औषधविक्याला तू कडक पत्र लिही, असं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. ते लिहू नकोस. आत्ता भावजय येऊन गेली, भिंगरीला माझ्याकडे ठेवून. (बेल वाजवली तिने. मी चपला आत घेतल्या नाहीत, दार उघडलं, एवढंच सांगते.) धाकटा गिऱ्हाइकांना औषधं देत नुसता सांगत होता, निरोप टाइप केला होता भिंगरीने. आणि बापाने सगळ्यांसमोर चूक आपल्या अंगावर घेतली! तेव्हा वर शुद्धलेखनाबद्दल जे जे लिहिलं आहे ते रद्द समज. सात वर्षांच्या पोरीने ‘कडं’वरचा अनुस्वार अचूक दिला आहे. ही मुलगी पुढे जाणार.

ता. क. ३. खरं काम हे. भिंगरी तुला पत्र लिहिते आहे, माझ्यासमोरच, जीभ बाहेर काढून. तुला तिने अजून पाहिलेलं नाही, पण माझ्याही वरची एक आत्या आहे हे कळल्यापासून तिला झोप नाही. आता घर आणि आकाश यांची तिच्या डोक्यात कायमची अदलाबदल झाली आहे. पहिलीच ओळ आहे, ‘आज्जी, सुट्टीत मी आणि आत्या तुझ्या ग्रहावर राहायला येऊ का?’ आत्या, तुझ्या पाया पडते, ती ओळ दुरुस्त करून परत पाठवू नकोस. उलट टपाली एकच शब्द लिही: ‘या.’