कानाच्या आजाराचा प्रश्न

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आज मी वर्गात प्रश्नावली कशी करायची ते शिकवत होते आणि एका मुलीने लिहून आणलं, 'आपल्याला कानाचा आजार आहे का? होय / नाही.' माझं डोकंच फिरलं. बिचारीला नको तेवढं ओरडले. ओरडायचं होतं तुमच्यावर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. यंत्रमागावरच्या लूम कामगारांच्या आरोग्याची तुमची पाहणी. कामतघरच्या लूमवस्तीत कुठला डॉक्टर पाठवायचा, हे एक दवाखाना त्या पाहणीवरून ठरवणार होता. प्रश्न तुम्ही टेबलाशी बसून लिहिलेत, कॉलेजच्या पोरांवर तपासलेत, आणि मी तुमची विद्यार्थिनी आणि तिथल्याच चाळीतली म्हणून गठ्ठा माझ्या हातात दिलात. मी पहिल्यांदा बाबांनाच विचारायला बसते. शिफ्ट संपवून ते दारात टेकलेत. मी अगदी समोर बसते, कारण तोंड दिसलं तरच त्यांना कळतं. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला, मागून हाक मारली तर वळत नाहीत. चाळीत सगळेच तसे, म्हणून तर आमचं साधं बोलणंही परक्याला भांडण वाटतं. "बाबा, कानाचा आजार आहे का?" बाबा हसतात. "आजार कसला? न्हाय. लूमवाल्याचं असंच असतं." शेजारचे चाचा तर हात वर करून म्हणतात, "अल्लाह का शुक्र है, कोई बीमारी नहीं." घरोघरी नाही, नाही आणि नाही. सगळी चाळ ठणठणीत!

मी तशीच तुमच्याकडे आले. म्हटलं, सर, प्रश्न चुकलाय. ते याला आजार समजतच नाहीत. मागून हाक मारली तर ऐकू येते का, असं विचारू या. आधी चाळीतल्या चार माणसांना विचारून बघू, मग पुन्हा छापू. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अहो बाई, घरच्यांच्या तोंडात उत्तरं घालणं म्हणजे संशोधन नव्हे." घरच्यांच्या! मी जणू बापाची तक्रार घेऊन आले होते. तुमच्या अहवालात कानाचं नावही आलं नाही. कामतघरला डॉक्टर आला तो डोळ्यांचा. बाबा फुकटचा चष्मा लावून घरी आले. काय जाळायचा होता तो चष्मा? वेळेवर कुणी कान बघितले असते तर उरलंसुरलं ऐकणं तरी टिकलं असतं. पुढे पुढे समोर बसून बोललं तरी त्यांना कळेना.

हे पत्र कुठे टाकणार मी? लिहून झालं की फाडणार आहे. पण एक सांगते. तुमच्या शोकसभेला बाबा हट्टाने आले होते. "पोरीला शिकवलं त्या मास्तरनी, जायाला पायजे." ही सगळी गोष्ट तिथे उभं राहून सांगायची, असं मी घरूनच ठरवून निघाले होते. मला बोलायला उठवलं. समोरच तुमच्या पत्नी रडत होत्या. मी तुमची तोंड भरून स्तुती केली, त्या पाहणीचीसुद्धा. बाबा कौतुकाने माझ्याकडे बघत होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं.