सारूसाठी मागणं

बसरा, डिसेंबर १९१८

प्रिय गंगी,

प्रभू तुझ्या उशाशी बसलेला असो.

मी बरा आहे. लढाई थांबल्यापासून काम हलकं झालंय. आईचा खोकला गेला का? तू जेवतेस ना?

मानमोडीच्या तापाने आपली सारू गेली, हे तुझं पत्र काल मिळालं. नवापूरला तिला माती देऊन महिना झाला, तरी मी इथे रोज गुडघे टेकून "लेकीचा ताप उतरव" म्हणत होतो. प्रभूने ते ऐकलं, तेव्हा ती त्याच्याच कुशीत असेल. गंगी, याहून दुसरा आधार मला सापडत नाही.

आजही तिच्यासाठी मागितलं. कुणाचं तरी बोट धरल्याशिवाय तिला झोप येत नाही, एवढंच त्याला सांगितलं.

तुझाच,
इसहाक