फळ्यांच्या खोलीची किल्ली

सोमवार, संध्याकाळ

आमच्या गावची पाणलोट समिती आज शिरूर-दौंडच्या मोठ्या मंडळात विलीन झाली. सचिव म्हणून मी सही केली, सामानाची यादी दिली. पण बंधाऱ्याच्या फळ्या ठेवतो त्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात राहिली! मंडळाच्या साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "पत्र येईपर्यंत खोली उघडू नका."

दरवर्षी सखाराम आबा ओढ्यात उतरून ओंजळीत पाणी घेऊन बघतात. गढूळपणा गेला की आम्ही फळ्या टाकून पाणी अडवतो. मंडळ मोठं म्हणजे चांगलंच असेल ना? मग यादीत आबांना कुठं लिहायचं होतं?

आत्ताच ते दारात येऊन गेले.

"दत्ता, पानी निवळलं. उद्या फळ्या टाकू. किल्ली हाय न्हवं?"

खिसा चाचपला आणि "व्हय" म्हणून बसलो.