तापाच्या निरोप्यांचा दाखला

ता. ४

चि. चिमणीस,
मोठ्या काकाचे अ. उ. आ.

पत्राला महिना उशीर झाला, रागावू नकोस. आधी ताप होता, मग तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तापातच दुकानात बसलो होतो. तुझ्या बापाने कपाळाला हात लावून घरी जायला सांगितलं, तर मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो की, चाळीस वर्षं मशीन चालवतोस, एक शिवण सरळ येत नाही. त्याने चष्मा खिशात घातला आणि गेला, तो आलाच नाही. मी कापणारा, तो शिवणारा. नऊ विजारी नुसत्या कापून पडल्यात. हेडमास्तर रोज येऊन आपल्या विजारीचे तुकडे बघून जातात.

तू तापलेल्या उंदरांचा अभ्यास करतेस. तापात मेंदूही फिरतो, एवढं शिक्क्यानिशी लिहून दे. मी सातवी नापास, माझं कोण ऐकणार? भाऊ तुटतो की काय, या धास्तीने घास उतरत नाही.

तुझा,
मोठा काका

ता. ११

ती. काकांना शि. सा. न.

बाबांच्या पत्रात फक्त हवापाणी आहे, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

तुमचं अर्धं खरं. अंगात जंतू शिरले की लढणाऱ्या पेशी रक्तात बारीक रेणू सोडतात. हे निरोपे मेंदूला सांगतात : पडून राहा, खाऊ नकोस, माणसं टाळ. आमचा आजारी उंदीरही सोबत्यांकडे पाठ करून बसतो, चिडतो. पण बरा झाला की आपणहून त्यांच्यात जातो. तुमचा ताप कधीच उतरलाय. शिवाय निरोपे चिडचिड करवतात, शिवणीतल्या चुका काढायला शिकवत नाहीत. शिक्का मिळणार नाही.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नका.

तुमची,
चिमणी

ता. २०

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुझा उंदीर माझ्याहून शहाणा निघाला. हेडमास्तरांच्या तुकड्यांवर खडूने ‘ताप नव्हे, मीच चुकलो’ असं लिहिलं आणि काकूबरोबर तुझ्या बापाकडे धाडले.

आज विजार आली. खडू पुसलेला, इस्त्री कडक. हेडमास्तरांनी पाय घातला, तो बाहेर निघेना. दोन्ही पायांची तोंडं शिवून बंद! पडद्यामागे ते उड्या मारताहेत आणि मी हसता हसता डोळे पुसतोय. शिवण पट्टी लावून पाहिली. सुतासारखी सरळ गं!

काकू म्हणते, हा लोभच. पण तुझ्या बापाला कालपासून शिंका येताहेत म्हणे. मग हे त्याचं काम की निरोप्यांचं? लवकर कळव. ती शिवण उसवायला माझा हात धजत नाही, आणि हेडमास्तर ताटकळलेत.

तुझा,
मोठा काका